जुने ग्रंथ ऑनलाइन सापडतात तरी कुठे?

“ही दीडदोनशे वर्षांपूर्वीची पुस्तकं तुम्हाला मिळतात कुठे? आम्ही शोधलं की काहीच येत नाही.” असं विचारणाऱ्याला बहुतेकदा संकेतस्थळांची यादी हवी असते. ती छोटीच आहे: इंटरनेट अर्काइव्ह, गूगल बुक्स, हाथीट्रस्ट, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका. पण यादीनं भागत नाही. पुस्तक बरेचदा तिथेच असतं, आपल्या हाकेला ओ देत नाही इतकंच.

स्कॅन केलेली पानं यंत्र वाचतं, आणि जुना छापा वाचताना ते अडखळतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांतला लांब ‘एस’ (ſ) त्याला ‘एफ’ वाटतो. देवनागरी जोडाक्षरांचं तर विचारूच नका! त्यात नेदरलँड्समधल्या लायडनला छापलेल्या लॅटिन पुस्तकावर गावाचं नाव ‘लुगडुनी बाटावोरुम’. म्हणून शोधचौकटीकडे मी सर्वांत शेवटी वळतो. आधी त्या विषयावरच्या एखाद्या चांगल्या अभ्यासग्रंथाची संदर्भसूची उघडायची. लेखकाच्या नावाचं तेव्हाचं स्पेलिंग, आवृत्ती, साल, छापल्याचं ठिकाण टिपायचं, मग शोधायचं. नियतकालिक असेल तर सालाच्या फिल्टरवर विसंबू नका. गूगल बुक्सवर पहिल्या अंकाचं साल कधीकधी पुढच्या खंडांनाही चिकटलेलं असतं. हाथीट्रस्टवर स्वामित्वहक्कामुळे पुस्तक उघडलं नाही, तरी हवा तो शब्द कोणत्या पानांवर आहे ते बहुधा कळतं. निम्मं काम तिथेच होतं.

हस्तलिखितांचा मामला निराळा. बहुतेक पोथ्यांची फक्त छायाचित्रं असतात, त्यामुळे आतल्या ओळीवरून शोधणं फोल. तिथे चालतो संग्रहातला हस्तलिखित क्रमांक. तो वर्णनात्मक सूचीत, म्हणजे संग्रहातल्या पोथ्यांची माहिती देणाऱ्या छापील यादीत मिळतो, आणि अशा कित्येक सूच्या आता स्वामित्वहक्काबाहेर गेल्यानं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. माझ्या मते संशोधकानं ग्रंथांआधी या सूच्याच जमवाव्यात.

सापडलेलं लगेच आपल्या संगणकावर उतरवून घ्या, जिथे परवानगी आहे तिथे. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने पाहता येईनात. उतरवल्यावर पानं चाळून बघा. घडीचे नकाशे अनेकदा घडी न उलगडताच स्कॅन झालेले असतात. अशा वेळी दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत गाठायची.