भोसरीच्या शॉपला फायरवॉल घेतला, माझा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, ऑफिसात अकरा पीसी, एक टॅलीचा सर्व्हर, मशीनपाशी दोन जुने विंडोज ७ वाले कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर. फायरवॉल (बाहेरच्या नेटवरून ऑफिसात काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणारा बॉक्स) म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामं, आपल्याला कशाला, असंच डोक्यात होतं. मग एकदा सर्व्हर का रखडतोय म्हणून इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला तर ४६२५ (फसलेल्या लॉगिनचा कोड), ४६२५, ४६२५, खाली जात राहा संपतच नाही, दर दोन-तीन सेकंदाला कोणीतरी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाने पासवर्ड मारून बघतंय, रात्री अडीचलासुद्धा. पोटात गोळाच आला.

चूक आमचीच. लॉकडाऊनमध्ये अकाउंटच्या मॅडमना घरून टॅली वापरता यावी म्हणून राऊटरवरून रिमोट डेस्कटॉपचा (लांबून पीसी चालवायची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, सरळ बाहेर उघडून दिला होता, तो नंतर कोणी बंदच केला नाही. एकाने सांगितलं पोर्ट नंबर बदल, बदलला, चार दिवस शांत आणि पाचव्या दिवशी परत तेच, कारण स्कॅन करणारे सगळेच पोर्ट चाचपून बघतात. मग बंदच केला. मॅडम म्हणाल्या, "सर, मग वीस तारखेला जीएसटीचा थ्री-बी रिटर्न मी कुठून भरू?"

तीन कोटेशन मागवली. एक डीलर (हा अजून कुठल्याही फायरवॉलला सायबरोमच म्हणतो, ती अहमदाबादची कंपनी २०१४ मध्येच सोफॉसने घेतली तरी) म्हणाला साहेब ५ जीबीपीएसचा बॉक्स आहे, डोळे झाकून घ्या. आमची लाईन २०० एमबीपीएसची! भाच्याने त्याच फोर्टीगेट ४०एफच्या डेटाशीटमधली खालची ओळ दाखवली, ५ जीबीपीएस हा नुसत्या फायरवॉलचा आकडा, आयपीएस (नेटवरचे हल्ले ओळखून अडवणं), अँटीव्हायरस वगैरे चालू केलं की थ्रेट प्रोटेक्शनचा आकडा ६०० एमबीपीएस. आपल्या कामाचा आकडा हा. दुसऱ्या एका डीलरला हाच आकडा तीनदा विचारला, तीनदा त्याने डिस्काउंट वाढवून दिला पण आकडा काही दिला नाही.

भाच्याचं म्हणणं, "मामा, जुन्या पीसीत अजून एक नेटवर्क कार्ड टाकू आणि ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर बसवू, फुकटात काम." चांगलंच आहे ते, त्याच्या घरी बघितलं मी. पण तो हिंजवडीत नोकरीला, उद्या बंगलोरला गेला तर रूल (कोणाला कुठे जाऊ द्यायचं ते) कोण बघणार, मी? मला व्हर्नियर कळतो.

लायसन्सचं मात्र नीट बघा. बॉक्स एकदाच घ्यायचा पण सबस्क्रिप्शन दरवेळी, आणि रिन्युअलचा आकडा आधीच कागदावर घ्या. ते संपलं तर आमच्या बॉक्सवर नेट चालू राहतं फक्त नवीन सिग्नेचर (नवे हल्ले, व्हायरस ओळखायच्या खुणा) येत नाहीत, काही क्लाउडवाल्या ब्रँडमध्ये नेटच थांबतं.

शेवटी ४०एफच घेतला, तीन वर्षांच्या लायसन्ससकट. बसवायला इंजिनिअरला गुरुवार दिला, शॉप बंद असतं म्हणून, आणि गुरुवारी लाईटही जाते हे मीच विसरलो. यूपीएस चालला तोवर त्याने केलं आणि नेट चालू झालं साहेब म्हणून निघाला. भाच्याने रात्री उघडून बघितलं तर एकच रूल, सगळ्यांकडून सगळीकडे, सगळं अलाऊ. म्हणजे एवढे पैसे घालून राऊटरच घेतला की! परत बोलावलं. आता मॅडम व्हीपीएनने (घरून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद रस्ता) येतात, तेही आयपीसेक प्रकारच्या, कारण नव्या व्हर्जनमध्ये लहान मॉडेलवरून एसएसएल व्हीपीएन हा दुसरा प्रकार काढलाय. एचटीटीपीएस तपासणी (कुलूपबंद साईटवरची ये-जा बॉक्सने उघडून बघणं) सगळ्यांना लावली तर बँकेची साईट सर्टिफिकेट एरर द्यायला लागली, म्हणून बँका आणि जीएसटी त्यातून वगळले. विंडोज ७ वाले दोन्ही कॉम्प्युटर फायरवॉलच्या वेगळ्या पोर्टवर (केबल लावायच्या जागेवर) टाकले, त्यांना फक्त डिझाईनच्या पीसीवरचं ड्रॉइंगचं फोल्डर दिसतं, बाहेरचं नेट बंद.

दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टचा ऑपरेटर आला, "साहेब, मशीनवरचं नेट गेलंय." म्हटलं मशीनला नेट कशाला लागतं रे? तो गप्प. मॅच चालू होती त्या दिवशी.

डीव्हीआरचा पोर्ट तेवढा अजून उघडाच आहे. बाबांना घरून कॅमेरे बघायचे असतात, व्हीपीएन लावून बघा म्हटलं की म्हणतात, मी शॉपला येऊनच बघतो त्यापेक्षा.