उणे ७४

मे महिन्यात लातूरला कुशीत कळ घेऊन आलेला पेशंट म्हणजे मुतखडा, हे आमचा वॉर्डबॉयही सांगतो. तिच्याही चिठ्ठीवर तेच लिहिलेलं. पस्तिशीची बाई, उसाच्या टोळीवरून हंगाम संपवून आलेली. सकाळी घागर उचलताना उजव्या कुशीत कळ आली आणि घेरी येऊन पडली. मुतखड्याचा माणूस तळमळतो, एका जागी बसत नाही. ही निपचित, पांढरीफटक. बीपी ८०, हिमोग्लोबिन ६.

सोनोग्राफीत उजव्या किडनीला लागून पांढरा गोळा, भोवती गढूळ काहीतरी साचलेलं. रक्तच. एकीकडे रक्ताच्या पिशव्यांची धावपळ, दुसरीकडे ती सीटीच्या टेबलावर.

सीटीत प्रत्येक गोष्टीला आकडा असतो: पाणी शून्य, गोठलेलं ताजं रक्त साधारण ६०, चरबी उणे १०० च्या आसपास. राखाडी रक्तात काळे डाग दिसत होते. कर्सर ठेवला, उणे ७४. गाठीत चरबी म्हणजे अँजिओमायोलायपोमा, किडनीतली कॅन्सर नसलेली गाठ, असं लिहून परीक्षेत मार्क मिळतात. पण किडनीभोवती मुळात चरबी असतेच; रक्त तिच्यात घुसलं की फसगत होते. शिवाय तिथेच वाढणारा लायपोसार्कोमा, म्हणजे कॅन्सर, तोही चरबीचाच. मग एकेक मिलिमीटरचे काप खाली-वर करत बसलो. शेवटी किडनीच्या वरच्या टोकाला भाकरीचा चतकोर मोडावा तशी खाच सापडली. गाठ तिथूनच निघाली होती. लायपोसार्कोमा सहसा किडनीला ढकलतो, खाच पाडत नाही. शिरेतून सीटीचं औषध सोडल्यावर त्या खाचेतून गाठीत शिरलेली धमनी उजळली आणि पुढे ९ मिलिमीटर फुगलेली दिसली. या गाठीतल्या धमन्यांच्या भिंती कच्च्या असतात; फुगवटा ५ च्या पुढे गेला की फुटायचा धोका वाढतो.

मार न लागता किडनीभोवती असं रक्त साचलं, की त्याला वुंडरलिश सिंड्रोम म्हणतात. हा वुंडरलिश म्हणजे थर्मामीटरने ताप मोजायची शिस्त लावणारा १९ व्या शतकातला जर्मन डॉक्टर.

डाव्या किडनीतही चरबीच्या बारक्या गाठी होत्या. तेव्हा उठून तिच्यापाशी गेलो. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर लालसर बारीक पुळ्या.

“लहानपणापासनं हायत त्या,” सासू म्हणाली. “ते ऱ्हाऊ द्या सर, आधी पोटाचं सांगा.”

“घरात कुणाला फिट येतात का?”

नवरा चपापला. “बारक्याला येतेत. पण त्येचं इथं काय?”

ट्युबरस स्क्लेरोसिस. किडनीत, कातडीवर, मेंदूत गाठी उठवणारा जनुकातला दोष, आईला असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी.

सर्जन किडनी काढायच्या तयारीत होते आणि तसलं बीपी बघता ते रास्तच होतं. पण दोन्ही किडन्यांत गाठी असलेल्या बाईची एक आज काढली, तर उद्या दुसरी फुटल्यावर काय, हे मी त्यांना फोनवर दोनदा विचारलं. रक्त चढल्यावर बीपी शंभरावर टिकलं, तशी तिला सोलापूरला हलवली. तिथं जांघेतून बारीक नळी सरकवून तेवढीच धमनी बंद केली. किडनी राहिली.

पुढं नवरा मुलाला घेऊन आला. फाइलमध्ये फिटच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, मेंदूचा फोटो एकही नाही. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेनं गाठी दिसल्या. रिपोर्ट हातात घेऊन तो म्हणाला, “थोरल्या पोरीला कायबी तरास नाही. तिला बी आणायचं का?”

आणा म्हणालो. आधी तिच्या पाठीवर फिकट चट्टे आहेत का बघू, मग सोनोग्राफी.