जुन्या मराठी लिंका जिवंत ठेवायच्या तर

इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाईट नवीन होतेय आणि माझा पहिल्यापासून एकच हट्ट आहे, की जुनी एकही लिंक मरता कामा नये. गणपतीचे फोटो, व्याख्यानांचे वृत्तांत, आज हयात नसलेल्या मंडळींचे लेख, हे सगळं लोकांच्या व्हॉट्सॲपमध्ये जुन्याच पत्त्याने पडलंय, तिथे ४०४ (म्हणजे 'पान सापडलं नाही') दिसलं की त्यांच्या दृष्टीने तो लेख गेलाच ना!

पानागणिक रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी सूचना) लिहीत बसायचं नसतं, पत्त्याचा साचा सापडला की झालं. आमचा जुना पत्ता /गणेशोत्सव/२०१४/आरास असा, नवा /उत्सव/आरास-२०१४ असा. अपाची, म्हणजे साईट चालवणारा वेब सर्व्हर, त्याच्या रूलमध्ये पॅटर्न (जुन्या पत्त्याचा साचा) एवढाच:

^गणेशोत्सव/([^/]+)/([^/]+)/?$

कंसात सापडलेलं पुढे डॉलर वन ($1), डॉलर टू ($2) म्हणून मिळतं, नव्या पत्त्यात आधी टू टाकायचा मग वन. सुरुवातीला स्लॅश नाहीये कारण एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये (हे रूल तिथेच लिहितात) अपाची तो आधीच काढून टाकतो.

आता खरी गंमत देवनागरीची. लिंक कॉपी केली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात (काना-मात्रा पण वेगळ्या मोजायच्या बरं का) आणि प्रत्येक बाइटची पत्त्यात ३ कॅरेक्टर (टक्का आणि पुढे दोन), म्हणजे एका 'क'ची ९. ते बघून पॅटर्नमध्येही तेच टक्के लिहावेसे वाटतात पण तसं करू नका, अपाची आधी डीकोड करतो (टक्क्यांची परत अक्षरं करतो) मग जुळवतो, सरळ मराठीत लिहा, फक्त फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. आणि अक्षरं मोजायच्या भानगडीत अजिबात पडू नका, इथे डॉट ('कुठलंही एक' अशी पॅटर्नमधली खूण) म्हणजे एक अक्षर नाही, एक बाइट. [क-ह] असली रेंजही चालत नाही. बॅकस्लॅश-डी (\d, आकड्याची खूण) ला इंग्रजी आकडेच कळतात, आपलं २०१४ त्याच्या लेखी आकडाच नाही! म्हणून मी सगळीकडे [^/]+ वापरते, 'पुढच्या स्लॅशपर्यंत जे येईल ते', मराठी अक्षराच्या बाइटांत स्लॅश कधीच लपलेला नसतो त्यामुळे बिनधास्त.

प्रश्नचिन्हानंतरचा भाग मात्र या पॅटर्नला दिसत नाही, त्याला वर वेगळी कंडिशन लावावी लागते. खास पानांचे रूल वर, सरसकट जुळणारे खाली. टेस्टिंग ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) वर करा, सगळं नीट चाललं की मगच ३०१ (कायमचा), कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि मग रूल बदलला तरी तो जुन्याच वाटेने जातो. गूगल म्हणतं रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा, मी म्हणते काढूच नका, दोन-चार ओळींचं सर्व्हरला काय ओझं होणार आहे.