नाक नाही, हात नाही, मग राजा कोणता?

इजिप्तविषयी बोलायला उभी राहिले की शेवटी कोणीतरी हे विचारतंच: "पुतळ्याचं तोंड फुटलंय, हात गेलेत, पायांचा पत्ता नाही, मग हा अमुकच राजा, हे कसं सांगतात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मार्च 2017 मधली गोष्ट घ्या. कैरोच्या मतारिया भागात, इमारतींच्या गराड्यात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून क्वार्ट्झाइटच्या एका अवाढव्य पुतळ्याचे तुकडे वर आले. मतारिया म्हणजे प्राचीन हेलिओपोलिस. इजिप्शियन-जर्मन पथक तिथे खणत होतं आणि जागा होती दुसऱ्या रामसेसच्या देवळाजवळची. त्यामुळे पहिला अंदाज त्याचाच निघाला आणि बातमी जगभर गेली. काही दिवसांतच धडाच्या पाठीमागची चिन्हं वाचली गेली. तिथे होतं 'नेब-आ'. इजिप्तच्या राजाला पाच नावं असत. त्यांतली शेवटची दोनच कार्तूशमध्ये, म्हणजे त्या ओळखीच्या लांबट वलयात, लिहिली जात. नेब-आ हे वलयाबाहेरचं नाव, आणि ते पहिल्या साम्तिकचं. साम्तिकची कारकीर्द इ.स.पू. 664 ते 610. रामसेस त्याच्याही सुमारे सहाशे वर्षं आधीचा. जागेवरून बांधलेला अंदाज सहा शतकांनी चुकला होता.

म्हणून पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर माझं पहिलं सांगणं असतं की मागे जा. उभ्या पुतळ्याला पाठीशी एक खांब ठेवलेला असतो. तो आधारासाठी असतोच, पण राजाच्या पदव्या आणि नावंही त्याच्यावरच कोरलेली असतात. शिवाय कमरपट्ट्याचं बक्कल, खांदे, सिंहासनाच्या बाजू आणि चौथरा. चेहरा कधीच नाहीसा झालेला असतो, तेव्हाही यांतलं काहीतरी शिल्लक राहतं.

पण नाव सापडलं म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. माझ्या मते खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. दुसऱ्या रामसेसने आधीच्या राजांच्या पुतळ्यांवर आपलं नाव घातलं. तिसऱ्या आमेनहोतेपच्या, आणि त्याहीआधीच्या बाराव्या राजवंशातल्या राजांच्यासुद्धा. पुतळ्यावरचं नाव हे सातबाऱ्यावरच्या नावासारखं असतं. आज ताबा कोणाचा हे कळतं, आधी कोणाचा होता ते कळायला जुने फेरफार काढावे लागतात. इथले फेरफार दगडातच असतात. जुनं नाव घासून काढलं की ती जागा किंचित खोलगट होते. मूळच्या भरल्या अंगाच्या राजाला बारीक करण्यासाठी पोट आणि कंबर तासलेली दिसते. गळ्यावर नंतर पाडलेल्या दोन वळ्या दिसतात.

मग चेहरा पाहायचा. तिसऱ्या आमेनहोतेपचे तिरके, बदामी डोळे, कानाकडे ओढलेली काजळाची रेघ आणि जाड ओठ एकदा मनात बसले की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. तिसरा सेनुस्रेत तर त्याच्या थकलेल्या पापण्या, गालांवरच्या सुरकुत्या आणि मोठाले कान यांमुळे गर्दीतही वेगळा उठून दिसतो. प्रत्येक काळाची घडण निराळी असते आणि ती नुसत्या नावाच्या खोदकामाने लपत नाही.

याचं मला सर्वांत भावणारं उदाहरण शिकागोच्या संग्रहालयात आहे. लक्सरजवळच्या मेदिनेत हाबू इथे आय आणि होरेमहेब या राजांच्या देवळाच्या अवशेषांत शिकागोच्याच पथकाला सापडलेला, पाच मीटरहून उंच पुतळा. त्याचा जोडीदार कैरोत आहे. त्यावर नाव होरेमहेबचं, आणि त्याखाली पुसलेलं नाव आयचं. चेहरा मात्र या दोघांचा नाही, तूतनखामुनचा आहे. दोन वारसांनी नाव पुसूनही तो कोवळा चेहरा टिकून राहिला.

उलटही घडतं. लक्सरजवळ शेतांच्या कडेला बसलेले, सुमारे 18 मीटर उंचीचे दोन पुतळे तिसऱ्या आमेनहोतेपचे. इ.स.पू. 27 च्या भूकंपात त्यातला एक तडकला आणि पहाटे त्यातून सूर निघू लागला. ग्रीक आणि रोमन प्रवासी तो ट्रॉयच्या युद्धातल्या मेम्नॉनचा मानून ऐकायला येत, आणि पायांवर आपापली नावं कोरून जात. असे शंभराहून अधिक लेख आहेत. पण पॉसॅनियस या ग्रीक प्रवाशाने दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय की गावकरी त्याला मेम्नॉन म्हणतच नाहीत, इथलाच एक 'फामेनोफ' म्हणतात. या नावात आमेनहोतेप स्पष्ट ऐकू येतो. राजाला जाऊन दीड हजार वर्षं झाली होती आणि ज्यांना अक्षरओळख असेल-नसेल अशा लोकांच्या तोंडी त्याचं नाव शाबूत होतं! हे वाचलं की मला दरवेळी भरून येतं.

आता नोंदींविषयी, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही. 1930 मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ ग्युंटर रोएडर यांना अल-अश्मुनैन इथे एका बैठ्या पुतळ्याचा खालचा भाग सापडला आणि त्यांनी त्याची नोंद केली. 2024 मध्ये त्याच ठिकाणी इजिप्शियन-अमेरिकन पथकाला चुनखडीचा, 3.8 मीटर उंचीचा वरचा भाग मिळाला. मुकुट, कपाळावरचा नाग आणि पाठीच्या खांबावर दुसऱ्या रामसेसच्या पदव्या. दोन्ही मिळून पुतळा सुमारे 7 मीटरचा. वरचा भाग कशाचा, हे 2024 मध्ये ताबडतोब ताडता आलं, ते रोएडर यांनी अर्ध्याच पुतळ्याचीही नीट नोंद ठेवली होती म्हणून.

नोंद म्हणजे नुसता फोटो नव्हे. तुकडा कुठे, किती खोल, कोणत्या बाजूवर पडला होता, दगड कोणता, तुटलेली कड कशी आहे. झिजलेली अक्षरं वाचायला दिवा एका बाजूने, अगदी तिरपा धरतात; मग सावलीत अक्षर उठतं. आता शेकडो फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करून तुकडे संगणकावरच जुळवून पाहता येतात. मेम्नॉनच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या दोन पुतळ्यांमागे आमेनहोतेपचं कोसळलेलं देऊळ आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ हूरिग सूरूझियान यांचं पथक 1998 पासून काम करतंय: तुकडे पाण्यातून काढायचे, त्यांतला क्षार उतरवायचा, एकेक नोंदवायचा, जुळवायचा आणि जमलं तर पुतळा पुन्हा उभा करायचा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की बऱ्याचदा राजा एक नसतोच. कोणी घडवला, कोणी बळकावला, कोणी नाव पुसलं, हे सगळंच त्या पुतळ्याचं चरित्र आहे. संग्रहालयांनी पाटीवर एकच नाव मोठं लिहून मोकळं होऊ नये असं मला फार वाटतं. तूतनखामुन, आय, होरेमहेब, तिघांचीही नावं एकाच आकारात असावीत.