चौसष्ट नावांचे नूतनीकरण

२०१५ च्या जूनमध्ये एका सकाळी मेल उघडली, तेव्हा नूतनीकरणाच्या अकरा सूचना एकाखाली एक येऊन पडल्या होत्या. वर्षभरापूर्वी नव्या एक्स्टेन्शनची, म्हणजे पत्त्यात टिंबानंतर ‘कॉम’ऐवजी नवा शब्द असलेली, जी डोमेन नावे (संकेतस्थळांचे पत्ते) मी पुनर्विक्रीसाठी घेऊन ठेवली होती, त्यांतल्या पहिल्या तुकडीची मुदत संपत आली होती. घेताना सवलतीत काही नावे तीनशे-चारशे रुपयांना मिळाली होती, काही हजाराच्या घरात होती. नूतनीकरणाचा आकडा मात्र बहुतेकांना दीड ते अडीच हजार असा होता. वर्ष संपेपर्यंत अशी एकूण चौसष्ट नावे रांगेने समोर येणार होती आणि त्यांतले एकही तोवर विकले गेले नव्हते.

मी कोल्हापुरात २००६ पासून संकेतस्थळे तयार करून देण्याचे काम करतो. पुनर्विक्रीकडे वळलो ते एका गिऱ्हाइकामुळे. त्याच्यासाठी घेतलेले डॉट कॉम त्याने ऐनवेळी नको म्हटले, ते माझ्याच खात्यात पडून राहिले आणि पुढच्या वर्षी चेन्नईच्या एका व्यापाऱ्याने त्याचे बावीस हजार रुपये दिले. त्यानंतर दरमहा दोन-तीन नावे घेण्याचा नेम सुरू झाला. कामाच्या उत्पन्नाला तो जोड होता, इतकेच; पण त्या नावांवर माझा जीव जडला होता, हेही खरे.

डॉट कॉमच्या पुनर्विक्रीचा बाजार एका साध्या गोष्टीवर उभा होता. रजिस्ट्रीच्या, म्हणजे ते एक्स्टेन्शन चालवणाऱ्या संस्थेच्या लेखी सगळे शब्द सारखे होते. सोन्यासारखा शब्द असो की कुणालाच नको असलेले अठरा अक्षरांचे नाव असो, रजिस्ट्रारकडून, म्हणजे आम्हांला नावे विकणाऱ्या कंपनीकडून, तिने घेतलेला वार्षिक घाऊक दर एकच. २०१२ च्या आरंभापासून २०२१ च्या ऑगस्टपर्यंत तो ७.८५ डॉलरवर थांबलेला होता आणि त्यानंतर चार टप्प्यांत वाढून २०२४ च्या सप्टेंबरात १०.२६ डॉलर झाला. शब्दाला बाजारात जे मोल होते ते आणि हा दर, यांच्यातली सगळी तफावत जो आधी पोहोचेल त्याच्या पदरात पडत असे. आमच्यासारखे उशिरा आलेले लोक मुदत संपलेल्या नावांवर लक्ष ठेवून असत. मालकाने पैसे भरले नाहीत की पंचेचाळीस दिवसांपर्यंतची वाढीव मुदत, मग जादा शुल्क भरून नाव सोडवून घेण्याचे तीस दिवस आणि शेवटचे पाच दिवस नाव पुसले जाण्याचे. त्या पाच दिवसांनंतरच्या क्षणी ज्याची मागणी आधी पोहोचेल, त्याचे नाव. मी त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहीत असे.

डोमेन व्यवस्थेची सूत्रे सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने जून २०११ मध्ये सिंगापूरच्या बैठकीत नव्या एक्स्टेन्शनची वाट मोकळी केली. १२ जानेवारी २०१२ ला अर्ज घेणे सुरू झाले, एका अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते आणि तरीही १,९३० अर्ज आले. २०१३ च्या ऑक्टोबरात पहिली एक्स्टेन्शन्स इंटरनेटवर आली, पुढे त्यांची संख्या बाराशेच्या वर गेली. आमच्या धंद्यात तेव्हा दोन तट पडले होते. डॉट कॉमचे भाव आता कोसळणार, असे एक म्हणत. १९९५ साली ज्यांना डॉट कॉम मिळाले त्यांच्यासारखी संधी आपल्या पिढीला पुन्हा आली आहे, असे दुसरे म्हणत. मी दुसऱ्या तटात होतो.

माझा पहिला धडा २०१४ च्या सुरुवातीचाच आहे. काही रजिस्ट्रींनी सर्वांसाठी विक्री खुली करण्याआधी सात दिवसांची एक उतरती बोली ठेवली होती. पहिल्या दिवशी नाव हवे असेल तर दहा हजार डॉलरहून अधिक, मग रोज दर खाली येत अखेरच्या दिवसांत शंभरेक डॉलर. एका एक्स्टेन्शनमध्ये मला दागिन्यांशी संबंधित एक इंग्रजी शब्द हवा होता. रोज रात्री साडेनऊच्या सुमारास दुकान आवरल्यावर मी तो शब्द शोधपट्टीत टाकून पाहत असे. चौथ्या दिवशीही तो मोकळा दिसला, पाचव्या दिवशीही दिसला, आणि सर्वांसाठी विक्री खुली झाली त्या दिवशी त्याच्यापुढे ‘प्रीमियम’ असा शिक्का आणि रुपयांत चौसष्ट हजारांचा आकडा आला. तो आकडा एकदाच भरायचा नव्हता, दरवर्षी तेवढाच भरायचा होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या भावाला तो दोनदा वाचून दाखवला, कारण वार्षिक हा शब्द आपल्याकडून चुकून वाचला गेला असावा, असे मला वाटत होते.

नव्या एक्स्टेन्शनने पुनर्विक्रीच्या बाजारावर केलेला सर्वांत खोल परिणाम मला त्या रात्री दिसला, तो पुरता समजायला मात्र आणखी वर्ष गेले. डॉट कॉममध्ये शब्दाच्या मोलातली जी तफावत पुनर्विक्रेत्याला मिळत होती, ती नव्या रजिस्ट्रींनी पहिल्याच विक्रीत स्वतःकडे ठेवली. चांगले शब्द काही राखून ठेवले, काही प्रीमियम दराने विकायला काढले, आणि जे सरसकट दराने आमच्यापुढे आले ते चाळून उरलेले होते. नव्या एक्स्टेन्शनच्या दरांना डॉट कॉमसारखी कमाल मर्यादाही नाही. नूतनीकरणाचा दर वाढवायचा असेल तर रजिस्ट्रीने सहा महिने आधी कळवले पाहिजे आणि त्या काळात जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरण्याची मुभा दिली पाहिजे, एवढे संरक्षण करारात आहे. २०१७ च्या मार्चमध्ये एका रजिस्ट्रीने आपल्या काही एक्स्टेन्शनचे दर अनेक पटींनी वाढवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांच्याकडे तिथली शेकडो नावे होती अशा लोकांना पोर्टफोलिओ एका पत्राने तोट्यात गेलेला दिसला. माझी त्यात दोनच नावे होती आणि ती मी आधीच सोडली होती.

चौसष्ट नावांची निवड करताना मी आधी एकच कसोटी लावली. टिंबाच्या डावीकडचा आणि उजवीकडचा शब्द सलग वाचल्यावर माणसाच्या तोंडी खरोखर येणारा शब्दप्रयोग तयार होतो का, एवढेच पाहिले. २०१८ मध्ये ‘व्हेकेशन डॉट रेंटल्स’ हे नाव ५,००,३०० डॉलरला विकले गेले, त्यामागेही हेच आहे. सुट्टीसाठी घर भाड्याने घेणारा माणूस इंग्रजीत हे दोन शब्द असेच जोडून म्हणतो. माझ्या नावांपैकी पन्नासाहून अधिक नावांत डावीकडचा शब्द चांगला होता आणि उजवीकडचा नुसता चिकटवलेला होता. डॉट कॉममध्ये डावीकडचा शब्द चांगला असला की पुरत असे, त्या सवयीने मी खरेदी केली होती. दुसरी कसोटी हिशेबाची होती. पुनर्विक्रीत शंभर नावांमागे वर्षाला एक-दोन विकली गेली तरी ठीक चालले आहे, असे आम्ही मानतो. डॉट कॉमचे शंभर नावांचे वर्षाचे साठ-सत्तर हजार रुपये एका बऱ्या सौद्यात निघून येत. तेवढ्याच नव्या नावांना दोन लाख लागत असतील, तर सौदाही तिप्पट मोठा व्हावा लागतो आणि बाजारात भाव तर उलट कमी मिळत होता.

पहिल्या वर्षी सत्तेचाळीस नावे सोडली. प्रत्येक नाव सोडताना मी वहीत कारण लिहिले, कारण नुसती मुदत संपू दिली की पुढच्या मोसमात तसेच नाव पुन्हा घेतले जाते, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिले होते. उरलेल्या सतरापैकी चार विकली गेली, सगळ्यांत मोठा सौदा एकेचाळीस हजारांचा.

या सतरांत डॉट भारतची पाच नावे होती, त्यांच्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे. देवनागरीतले डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाले आणि मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांतले नाव पूर्णपणे आपल्या लिपीत लिहिता येऊ लागले. ते आयकॅनच्या नव्या फेरीतले नव्हे, देशाच्या कोडाचे आहे; आमच्यासाठी मात्र ते त्याच वर्षी आलेले नवे दार होते. मी पहिल्या आठवड्यातच पाच मराठी शब्द घेतले. ते विकायला गेल्यावर अडचणी एकेक करून पुढे आल्या. गिऱ्हाइकाच्या संगणकावर देवनागरी कीबोर्ड नसे. दुवा पाठवला की पलीकडे शब्दाच्या जागी ‘एक्सएन’पासून सुरू होणारी रोमन अक्षरांची ओळ उमटे, आणि ती पाहून एका सराफाने मला हा व्हायरस तर नाही ना, असे विचारले. त्या पत्त्यावरची ईमेल बऱ्याच ठिकाणी स्वीकारलीच जात नसे. या पाचांपैकी दोन नावे मी आजही ठेवली आहेत आणि ती विकण्यासाठी ठेवलेली नाहीत. आपल्या भाषेतला शब्द आपल्या लिपीत पत्ता म्हणून चालावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे आणि तिच्यासाठी वर्षाला काही शे रुपये मी आनंदाने भरतो.

नव्या एक्स्टेन्शनमुळे मला झालेला खरा लाभ मात्र माझ्या जुन्या डॉट कॉममधून झाला. शेतमालाशी संबंधित एक मराठी शब्द रोमन लिपीत माझ्याकडे २०११ पासून होता. २०१५ मध्ये तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांनी त्यासाठी फोन केला. मी दोन लाख सांगितले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “साहेब, ह्योच शब्द दुसऱ्या शेपटाचा अडीचशेला मिळतोय, मग दोन लाख कशाला घालवू?” पूर्वी असे उत्तर देण्याची सोय कुणाला नव्हती. शब्द हवा तर मालकाकडे यावे लागे, नाहीतर मागेपुढे काही जोडून लांबलचक नाव घ्यावे लागे. आता प्रत्येक घासाघिशीत हे पर्याय खरेदीदाराच्या हातात होते आणि मध्यम प्रतीच्या डॉट कॉमचे भाव माझ्या वहीत त्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. अगदी उत्तम, एका शब्दाच्या नावांना मात्र धक्का लागला नाही. ‘व्हॉइस डॉट कॉम’ तर पुढे २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेले.

त्या व्यापाऱ्यांनी नवे एक्स्टेन्शन घेतले, खोक्यांवर छापले, गाडीवर रंगवले. २०१८ च्या दिवाळीनंतर त्यांचा पुन्हा फोन आला. “फोनवर पत्ता नीट सांगितला तरी गिऱ्हाईक शेवटी डॉट कॉमच टाकतंय बघा. परवा मुंबईच्या पार्टीनं ऑर्डरची मेल पाठवली, ती आलीच न्हाई.” काही परदेशी खरेदीदारांच्या अर्जांत तर त्यांचा ईमेल पत्ता चुकीचा ठरवून परत केला जाई, कारण ते अर्ज तयार झाले तेव्हा शेवटच्या भागात दोन-तीन-चार अक्षरांपलीकडे काही असेल, याची कल्पनाच केलेली नव्हती. अडीचशे रुपयांच्या नावावर त्यांचा व्यवसाय वाढला आणि तो वाढल्यावरच त्यांना डॉट कॉमची गरज भासली. सौदा तीन लाख चाळीस हजारांना ठरला.

पैसे एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्या मध्यस्थाकडे ठेवायचे, मी ऑथ कोड (नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द) द्यायचा, नाव त्यांच्या रजिस्ट्रारकडे गेले की पैसे सुटायचे, असे ठरले आणि तिथेच अडचण आली. नूतनीकरणाचा खर्च वाचवण्यासाठी मी तीन आठवड्यांपूर्वीच सगळी डॉट कॉम नावे एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे हलवली होती आणि अशा बदलानंतर साठ दिवस नाव पुन्हा बाहेर जाऊ शकत नाही. समोरच्या माणसाला वाटले, मी भाव वाढवण्यासाठी वेळ काढतो आहे. शेवटी त्यांच्या मुलाने त्याच रजिस्ट्रारकडे खाते उघडले आणि नाव आतल्या आत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवले. त्याला साठ दिवसांची अट तिथे लागू नव्हती. काम वीस मिनिटांत झाले. तेव्हापासून विक्रीची बोलणी चालू असलेले नाव मी कुठेही हलवत नाही.

२०२२ च्या अखेरीपासून डॉट एआयचा जो जोर दिसतो, तो पाहून मला पुन्हा २०१४ चे वारे आठवले. ते अँग्विला या कॅरिबियन बेटाचे देशकोड आहे, किमान दोन वर्षांसाठी घ्यावे लागते आणि २०२३ मध्ये त्या छोट्या सरकारला त्यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. एवढी मागणी येण्याचे कारण ती दोन अक्षरे एका संपूर्ण उद्योगाचे नाव झाली, हे आहे. मी तिथे तीनच नावे घेतली, प्रत्येकाची कसोटी वहीत लिहून. आयकॅनच्या २०२६ च्या फेरीसाठी अर्जाचे शुल्क २,२७,००० डॉलर ठरले आहे, म्हणजे आणखी शेकडो नवी दारे उघडतील. त्यांतल्या प्रीमियम याद्या आणि नूतनीकरणाचे दर जाहीर होईपर्यंत मी एकही नाव घेणार नाही.

तासगावचे ते व्यापारी दर वर्षी ऑगस्टमध्ये मला फोन करून विचारतात, की आधी घेतलेले ते नव्या एक्स्टेन्शनचे नाव आता ठेवायचे की सोडायचे, कारण त्याचे नूतनीकरण अडीचशेवरून अडीच हजारांवर गेले आहे. मी त्यांना ठेवायलाच सांगतो. जुन्या खोक्यांवर तोच पत्ता आहे, त्यावर अजून मेल येते आणि त्यांनी ते सोडले तर ऐंशी दिवसांनी कुणीतरी ते उचलेल व त्यांच्या गिऱ्हाइकांची पत्रे त्याच्या हाती जातील. गेल्या वेळी त्यांनी एकदम पाच वर्षांचे पैसे भरले.