आमची वाटचाल: काल जोडणी कशी होती?

नेटवर्कचा नकाशा म्हटलं की लोकांना उपकरणांच्या रॅकच्या दारावर चिकटवलेला व्हिजिओचा (आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरचा) प्रिंटआउट आठवतो. चिकटवल्यापासून आठवड्याभरात तो खोटा ठरलेला असतो. नेटवर्कने स्वतःचा नकाशा स्वतः काढावा आणि जुना पुसू नये, हे काम या पट्ट्यात आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून सुरू केलं. दुसरं कोणी हे सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

२००४ च्या अखेरीस ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि रबाळे, तुर्भ्याचे कारखाने आमच्यासाठी शेजार झाले. मी आणि माझा पार्टनर, डिप्लोमाचे वर्गमित्र. पिशवीत क्रिंपिंग टूल, पंचिंग टूल, तार शोधायचा टोनर आणि लॅपटॉप थेट स्विचला जोडायची ती फिकट निळी चपटी कन्सोल केबल. आमची नवी मुलं तिला हसतात. पण ज्या स्विचचा (सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या डब्याचा) आयपी आणि पासवर्ड दोन्ही कोणालाच आठवत नाहीत, तो तिच्याशिवाय उघडत नाही. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर मात्र चांगला घ्या. लॅमिंग्टन रोडचा सर्वांत स्वस्त तुकडा नेमका गिऱ्हाइकासमोर ड्रायव्हर मागतो.

पहिली पर्ल स्क्रिप्ट पार्टनरची. एसएनएमपीने (उपकरणांना त्यांची माहिती विचारायच्या पद्धतीने) प्रत्येक स्विचचं मॅक टेबल, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोणत्या यंत्राचा क्रमांक दिसतो ते वाचायचं, राउटरचं एआरपी टेबल, म्हणजे कोणत्या आयपीचा मॅक कोणता ते वाचायचं आणि दोन्हींची सांगड घालायची. पोर्टवर एकच मॅक दिसला तर तिथे बहुधा पीसी. चाळीस दिसले तर पलीकडे आणखी एक स्विच. शेजारी स्विच आपली ओळख आपणहून सांगतो तो एलएलडीपी २००५ मध्ये प्रमाणित झाला, पण आमच्या कारखान्यांतले स्विच त्याच्या आधीचे. त्यामुळे शेजार ताडावाच लागे. त्यात गप्प बसलेल्या यंत्राचा मॅक बहुतेक स्विच ३०० सेकंदांत विसरतो. पाच मिनिटांच्या आत विचारलं नाही, तर झोपलेला प्रिंटर नकाशावरून गायब. चित्र ग्राफविझ नावाचं सॉफ्टवेअर काढून देई. आम्ही मात्र प्रत्येक जोडणीपुढे दोन वेळांची नोंद ठेवत होतो: पहिल्यांदा दिसली कधी, शेवटची दिसली कधी. अख्ख्या धंद्याचं मर्म या दोन रकान्यांत आहे.

मग तो डेमो झाला. ऐरोलीतलं आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि त्यांना आपलं मॅपिंग सॉफ्टवेअर दाखवायला आलेली मुंबईतली एक मोठी कंपनी. सूटबूट, प्रोजेक्टर, एक बटण दाबलं की पडद्यावर रंगीबेरंगी जाळं पसरतं. गिऱ्हाइकाच्या आयटी मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतकी वर्षं हातचलाखी करत होतो. मी विचारलं, ‘‘मागच्या महिन्यात हे कसं होतं, ते दाखवा.’’ उत्तर आलं, ‘‘त्याची गरज काय?’’ एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, गेलं. त्या कंपनीने हँडओव्हरच्या नावाखाली आमची सगळी ड्रॉइंग्ज मागून घेतली आणि पुढच्या टेंडरला तीच जोडली, आमचं नाव काढून. वर गिऱ्हाइकाने शेवटचं बिल अडकवलं. त्या पाठोपाठ महाप्याची दोन कामं गेली. गाळ्याचं भाडं थकलं, पगार उसनवारीवर. पार्टनरच्या घरी बाळ होतं, त्याने नोकरी धरली. त्याला मी काही बोललो नाही. त्या कंपनीबद्दल आजही बोलतो.

तग धरला तो रबाळ्याच्या केमिकल कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या काकांमुळे. मुंबईच्या त्याच कंपनीची माणसं त्यांच्याकडेही गेली. सॉफ्टवेअरने अख्ख्या प्लांटवर पोर्ट स्कॅन (प्रत्येक यंत्राचं दार ठोठावून पाहणं) सोडला आणि यंत्रं चालवणारा एक जुना पीएलसी अडकून बसला. बॅच हाताने सांभाळावी लागली. काकांनी त्यांना चहासुद्धा न विचारता गेटपर्यंत सोडलं. (प्लांटच्या नेटवर्कवर कधीही अंदाधुंद स्कॅन करू नका. स्विचला विचारा, यंत्राला नाही.)

पुढे काकांच्या कारखान्यातच आमच्या दोन रकान्यांचं चीज झालं. दिवाळीनंतर वजनकाट्याचं चलान निघायला वेळ लागू लागला. ईआरपीवाला (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर सांभाळणारा) म्हणे सर्व्हर बदला, कोटेशनही देऊन बसला. मी इतिहास उघडला. गोदामाकडे जाणारी फायबरची जोडणी ‘शेवटची दिसली’: दिवाळीच्या शटडाउनमधली दुपार. त्यानंतर मिनिटभरातच गोदामाचे सगळे मॅक सीसीटीव्हीच्या स्विचमागे दिसू लागले होते, १०० एमबीपीएसच्या तांब्याच्या तारेवरून. रंगकामासाठी रॅक सरकवला होता, फायबरचा पॅचकॉर्ड मागे चेपला होता. स्विचमधल्या स्पॅनिंग ट्रीने (एक वाट तुटली की दुसरी चालू करणाऱ्या सोयीने) मुकाट्याने राखीव वाट उघडली. काहीच बंद पडलं नाही, म्हणून कोणालाच कळलं नाही. आजचा नकाशा पाहिला असता तर तोही निर्दोषच दिसला असता. पॅचकॉर्ड बदलला, चलान पटापट निघू लागलं. काकांनी ते कोटेशन ईआरपीवाल्याच्या हातात परत ठेवलं आणि त्यांच्या ओळखीच्या तीन कारखान्यांना फोन केले.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आता स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे. अलीकडचे फोन प्रत्येक वायफायला वेगळाच मॅक दाखवतात, त्याने इतिहासात कचरा होतो; पाहुण्यांचं वायफाय आम्ही वेगळंच ठेवतो. अकाउंट्सच्या टेबलाखालचा बिनकन्फिगरचा डबा-स्विच एलएलडीपी बोलत नाही. एकाच पोर्टवर पाच-सहा मॅक दिसले की तिथे आम्ही तुटक रेषेचा चौकोन काढतो आणि माणूस पाठवतो. तुमच्या स्विचवर ‘पब्लिक’ ही कम्युनिटी (एसएनएमपीचा सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड) अजून चालू असेल तर आजच बदला, आणि लिहिण्याचा अधिकार कोणत्याही मॅपिंग सॉफ्टवेअरला देऊ नका, आमच्यासुद्धा.

ऐरोलीचं ते बिल टॅलीत येणेबाकीत अजून उभं आहे. दर मार्चला सीए म्हणतो, राइट ऑफ करून टाका. मी करत नाही.