लाँगयरब्येनच्या माथ्यावर लाटांच्या मागावर

डिसेंबरात स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर, सूर्य उगवतच नाही, त्यामुळे सकाळी दहा वाजताही ध्रुवीय प्रकाश दिसतो. आम्ही गेलो ते याच वेळेसाठी: पृथ्वीच्या चुंबकीय रेषा तारेसारख्या कंप पावतात, त्या लाटांची खूण या प्रकाशात शोधायला. तेव्हा 78 अंश उत्तरेवरचं लाँगयरब्येन गाव पृथ्वीच्या चुंबकीय कवचातल्या दिवसाकडच्या खाचेखाली येतं आणि सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे, कण तिथून थेट वरच्या वातावरणात उतरतात.

गावाजवळची केल हेन्रिक्सन वेधशाळा 520 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात साखळीपट्ट्यांच्या गाडीनं वर जावं लागतं. वर पांढरा दिवा अजिबात लावू नका, कॅमेऱ्यांची निरीक्षणं वाया जातात. लाल टॉर्च न्या. जाण्याचे दिवस अमावस्येच्या आसपासचेच निवडा.

दुसऱ्या सकाळी दक्षिणेकडून एक तांबूस पट्टा उठला, उत्तरेकडे सरकत विरला. आठेक मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. लाट सापडली म्हणून मी हरखून गेलो. पण चुंबकमापीचे (चुंबकीय क्षेत्रातले बदल नोंदवणाऱ्या यंत्राचे) आलेख लावले तेव्हा मेळ बसेना. खरा अनुनाद असेल, म्हणजे चुंबकीय रेषा आपल्या स्वाभाविक लयीत कंप पावत असेल, तर एका ठरावीक अक्षांशावर कंपन सर्वांत मोठं होतं आणि त्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना कला, म्हणजे कंपनाची चढ-उताराची स्थिती, उलटते. आमच्याकडे तसं काहीच नव्हतं; पृथ्वीच्या आणि सौरवाऱ्याच्या चुंबकीय रेषा थांबून थांबून तुटत-जुळत असाव्यात, त्यातूनच ते पट्टे. तिसऱ्या दिवशी मात्र दक्षिणेच्या ब्योर्नोया बेटावरच्या चुंबकमापीच्या आलेखात पाच मिनिटांची सुरेख, सलग लाट होती. म्हणून सांगतो, एका ठिकाणच्या नोंदीवर विसंबू नका; न्यू-ओलेसुंड, होपेन, ब्योर्नोया या उत्तरेकडून दक्षिणेकडच्या ठिकाणांचे आलेख एकाखाली एक मांडून बघा.

आणखी एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. तांबडा प्रकाश देणारा ऑक्सिजनचा अणू उत्तेजित झाल्यावर प्रकाश सोडायला दीड-दोन मिनिटं घेऊ शकतो. झपाट्यानं होणारी कंपनं त्यात पुसली जातात. ती हवी असतील तर 557.7 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टिपा. तो सेकंदाच्या आत बाहेर पडतो.

नोंदी यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा आणि कॅमेऱ्याचं घड्याळ रोज जीपीएसशी जुळवा. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांचे सौरवाऱ्याचे आकडे उघडे ठेवा, तयारीला अर्धा-पाऊण तास मिळतो. जादा बॅटऱ्या अंगाशी, कपड्यांच्या आत.

स्वालबार्ड शेंगेनबाहेर (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर) आहे, तेव्हा व्हिसा लागत असेल तर किमान दोनदा प्रवेशाचा घ्या, नाहीतर परतताना नॉर्वेच्या मुख्य भूमीत शिरताना अडकाल. आणि अस्वलांमुळे वस्तीबाहेर बंदूकधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, आकाश कितीही खुणावत असलं तरी.